बिनपिठाचा गोळा : निखाऱ्यावरच्या कबाबाची आपल्या मुलखातली गोष्ट

 

आजची गोष्ट खाण्याची आहे, पण थोडी इतिहासाची पण आहे. झालं असं, की आमच्या एका गटात साखर तपासणीचं शिबिर झालं. गटातल्या चौघींना साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, भाकर-भात कमी करा, अंडी, डाळ, मांस असं वाढवा. शिबिर संपलं, बाया पारावर येऊन बसल्या. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "भाकर कमी करा म्हणतेत. मंग खावं काय? मटणाचे पीस काय आपल्या वाट्याला येतेत का?"

सगळ्या हसल्या. पण हसू लवकर थांबलं, कारण बोलणं खरं होतं.

मग एकीनं सांगितलं, तिच्या मुलानं मोबाईलवर दाखवलं, खिम्याचे गोळे करायचे, त्यात पीठ घालायचं नाही, पाव नाही, बटाटा नाही, आणि ते निखाऱ्यावर भाजायचे. साखरवाल्यांना चालतं म्हणे. त्यावर दुसरी म्हणाली, "ते शहरातल्या लोकांचं फॅड आहे. आपलं नाही ते."

आपलं नाही, हे ऐकून आम्हाला राहवलं नाही. आम्ही गटाच्या कामातून वेळ काढून वाचायला लागलो, वयस्क बायांना विचारायला लागलो. आणि जे हाती आलं ते असं : मांस बारीक करून, मसाला लावून, निखाऱ्यावर भाजणं आपल्या या मुलखात किमान नऊशे वर्षं जुनं आहे. पीठ घालणं हीच नंतरची गोष्ट आहे. आणि त्या पिठाच्या मागं आपल्या बायांच्या ताटाची गोष्ट लपलेली आहे.

सुरुवात करू कल्याणीपासून. आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. आज ते कर्नाटकात आहे, पण निलंगा-उमरग्याच्या बायांना ते परकं नाही. त्या बाजूला सोयरिकी आहेत, बाजारहाट आहे. तिथं चालुक्य राजांची राजधानी होती आणि आपला हा भाग त्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातला तिसरा सोमेश्वर नावाचा राजा. त्यानं शके 1051 मध्ये, म्हणजे इसवी सन 1129 च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं राज्य कसं करावं इथपासून हत्ती, घोडे, दागिने, गाणी, खेळ, सगळं त्यात आहे. त्यात एक भाग जेवणाचा आहे. इडलीसारखा पदार्थ, वडे, पुरणाच्या पोळ्या यांच्यासोबत मांसाचे कितीतरी प्रकार त्यात सांगितले आहेत. मांसाचे तुकडे मसाला लावून, सळईला टोचून निखाऱ्यावर भाजायचे, त्याला तिथं 'भडित्रक' म्हटलं आहे. मांस बारीक करून त्यात मसाला मिसळून केलेले पदार्थही आहेत. म्हणजे आज बाजारात सळईवर कबाब भाजताना दिसतो, तसं काम कल्याणीच्या राजवाड्यात नऊशे वर्षांपूर्वी चालत होतं.

सळईवर मांस भाजणं तर त्याहूनही जुनं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत शुळावर भाजलेल्या मांसाला 'शूल्य' असा शब्द आहे. शूळ म्हणजे सळई.

आता याच मानसोल्लासातली दुसरी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून आम्ही थबकलो. गाण्याच्या भागात राजानं लिहिलं आहे की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात. मराठी ओवीचा हा फार जुना पुरावा मानतात, म्हणून शाळा-कॉलेजात तो शिकवतात. पण आम्ही तो वाचला आणि वाटलं, बघा, एकाच पुस्तकात राजाच्या ताटात सळईवरचं मांस आहे, आणि आपली बाई उखळापाशी आहे. ती कांडते आणि गाते. तिनं काय खाल्लं हे कुणी लिहिलं नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

कल्याणीचं राज्य गेलं, मग देवगिरीचे यादव आले, त्यांच्यानंतर दिल्लीची सत्ता आणि 1347 मध्ये बहमनी राज्य. बहमनी सुलतानांनी पुढं पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणली. बिदर म्हणजे उदगीरच्या शेजारचं. उदगीर, औसा, कंधार, हे आपले किल्ले त्या राजवटीचे महत्त्वाचे किल्ले झाले. बिदरला इराणातून, तुर्कस्तानाकडून शिपाई, कारागीर, विद्वान, व्यापारी येत होते. महमूद गावान हा बहमनींचा प्रसिद्ध वजीर मूळचा इराणचाच. बिदरचा त्याचा मदरसा आजही उभा आहे.

ही माणसं आली तशी त्यांची भाषा आली, आणि भाषेबरोबर स्वयंपाकघरातले शब्द आले. खिमा हा शब्द मूळ तुर्की, बारीक चिरलेलं या अर्थाचा. सीख म्हणजे सळई, हा फारसी. आणि कोफ्ता? हा पण फारसी. त्याचा अर्थ कुटलेलं, कांडलेलं! म्हणजे कोफ्ता खाणारा कुणी असो, शब्दातच कांडणारी बसलेली आहे. उखळ असो, खलबत्ता असो, पाटा-वरवंटा असो, यंत्र यायच्या आधी मांस बारीक करायचं तर कुणाच्या तरी दंडातली ताकद लागायची.

त्या काळच्या कबाबात पीठ होतं का? याचं उत्तर एका पक्क्या कागदात आहे. अकबर बादशहाच्या दरबारातल्या अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या शेवटी 'ऐन-ए-अकबरी' लिहिली. त्यात बादशाही स्वयंपाकघराच्या पदार्थांचं वजनासकट सामान दिलं आहे. कबाबाला काय लागतं? 10 शेर मांस, अर्धा शेर तूप, मीठ, आलं, कांदा, आणि मग जिरं, धने, मिरी, वेलची, लवंग. संपलं. पीठ नाही, डाळ नाही, पाव नाही. आज ज्याला मोबाईलवर नवीन म्हणून दाखवतात, तो चारशेहून जास्त वर्षांपूर्वीचा नेहमीचा कबाब आहे.

मग पीठ-डाळ कधी शिरली? एका दिवसात नाही शिरली. आपला मराठवाडा 1724 पासून हैदराबादच्या निजामाच्या राज्यात आला, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत राहिला. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. त्यामुळं हैदराबादी खाणं आपल्याकडं शहरांत, बाजारपेठेत रुजलं. त्यात शामी कबाब आहे, शिकमपुरी कबाब आहे. या दोन्हींत हरभऱ्याची डाळ मांसासोबत शिजवून वाटतात. ती चवीसाठी पण असते, गोळा मऊ व्हावा म्हणून पण असते. नवाबाच्या घरी डाळ घालणं ही आवड होती. गरिबाच्या घरी मात्र डाळ, पीठ, बटाटा घालणं ही गरज होती. अर्धा किलो खिमा आणि खाणारी दहा माणसं. मग मांसात पीठ मिसळून गोळे वाढवायचे. आपण रस्सा वाढवायला पाणी ओततो ना, तसंच.

आता रस्स्याचंच बघा. आपल्याकडं मटण म्हणजे रस्सा. खेड्यात मटण रोज कुठं होतं? आखाडात, जत्रेला, कंदुरीला. कंदुरी हा आपला खास शब्द. कुणी दर्ग्याला नवस बोलतं, कुणी देवीला, आणि बोकड कापून गावाला जेवण घालतं. हिंदूच्या घरचा बोकड कापायला पण मुलाणीच यायचा, तो त्याचा मान होता. बोकड असायचा आपला उस्मानाबादी. काळ्या रंगाची, उंच, आपल्या उन्हातान्हात टिकणारी ही जात लातूर, उदगीर, तुळजापूर भागातलीच आहे, देशभर तिचं नाव आहे. एकेका वेताला दोन-दोन करडं देते. गटातल्या किती जणींनी पहिल्या कर्जातून शेळीच घेतली, ते आम्ही वहीत लिहिलेलं आहे.

तर बोकड एक, आणि जेवायला अख्खा गाव. मग रस्सा पातळ. पातळ रस्सा दाट दिसावा म्हणून आपल्या बायांची एक अक्कल आहे, येसर. धान्य आणि डाळ खमंग भाजून, मसाला घालून दळून ठेवलेलं ते पीठ. दोन मुठी येसर टाकला की रस्सा मिळून येतो. येसर ही अडचणीतून काढलेली वाट आहे आणि चव पण आहे. त्याला आम्ही नावं ठेवत नाही.

पण वाढायची रीत आठवा. आधी पाहुणे, मग घरचे गडी, मग लेकरं, शेवटी बाया. पातेलं बायांपर्यंत यायचं तेव्हा तळाशी काय असायचं? रस्सा, येसर आणि एखादं हाड. त्यात भाकर कुस्करायची आणि पोट भरायचं. पीस गड्याच्या ताटात, पीठ बाईच्या ताटात. हे कुणी मुद्दाम कट करून केलं असं आम्ही म्हणत नाही. आपल्या आयांनी, सासवांनी आपल्या हातानंच तसं वाढलं, आणि आपण पण वाढतो. पण हिशोब मांडला तर तो असा निघतो.

मांसाची गोष्ट सांगताना आणखी एक ताट विसरून चालणार नाही. आपल्याच धाराशिव भागातले लेखक शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचं पुस्तक लिहिलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरात काय शिजायचं, कसं शिजायचं, ते त्यात आहे. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या वाट्याला मांस आलं तरी मानानं आलं नाही. जे मिळेल ते एकदम संपवता येत नसे, म्हणून मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. मग लागेल तसा तुकडा विस्तवावर भाजायचा, नाहीतर कालवणात टाकायचा. 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं आणि लोकांनी उपासमार सोसून ते सोडलं. प्रश्न मांसाचा नव्हता, मानाचा होता. म्हणून आम्ही म्हणतो, विस्तवावर मांस भाजणं हे राजवाड्यातून खाली आलं असं नाही. ते राजाच्या सळईवर होतं तसं वेशीबाहेरच्या चुलीत पण होतं. लिहिलं गेलं फक्त राजाचं.

आणि दुष्काळ. 1972 चा दुष्काळ ज्यांनी बघितला त्या आजी अजून आपल्यात आहेत. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो, त्याच्या भाकरी. तेव्हा जे मिळेल ते पीठ म्हणजे जीव होता. पिठानं आपल्याला जगवलं हे आम्ही कधी विसरणार नाही. पण जी बाई तेव्हा दिवसभर खडी फोडत होती, तिला ते पीठ जिरत होतं. आज पाण्याला नळ आहे, दळायला गिरणी आहे, अंगमेहनत घटली आणि ताटातलं पीठ तेवढंच राहिलं. वरून दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा.

आता साखरेच्या आजाराकडं वळू. हा आजार नवा नाही. आयुर्वेदात प्रमेह म्हणून त्याचं वर्णन आहे, आणि चरकसंहितेत त्या माणसाला जव आणि रानातल्या पशुपक्ष्यांचं हलकं मांस द्यायला सांगितलं आहे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक लठ्ठ माणूस होता. डॉक्टरच्या सल्ल्यानं त्यानं पाव, साखर, बटाटा, बिअर कमी केली, मांस-मासे खाल्ले, वजन उतरलं, आणि 1863 मध्ये त्यानं त्यावर पुस्तिका छापली. पुढं 1921 मध्ये कॅनडातल्या टोरांटोत इन्सुलिन सापडलं. तोवर साखरेच्या रोग्याला पिठूळ आणि गोड तोडण्यावाचून डॉक्टरांकडं फारसा इलाज नव्हता.

आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे लातूरचं. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून दिवसातून दोनच वेळा जेवायची पद्धत महाराष्ट्रभर नेली. एक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि मधल्या वेळेत साखरेचं काही नाही. त्यांचा जोर किती वेळा खातो यावर आहे, भाकर बंद करा असं ते सांगत नाहीत. पण लातूरच्या घराघरांत बायका इन्सुलिन हा शब्द बोलायला लागल्या, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

थोडा हिशोब सांगतो. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 65 ते 70 ग्रॅम पिठूळ भाग असतो, ज्याची पोटात गेल्यावर साखर होते. तांदळात तो 78 ग्रॅमच्या आसपास. मांसात तो जवळजवळ नसतोच, आणि 100 ग्रॅम मांसात 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शिवाय मांसातलं लोह अंगी लवकर लागतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 54 बायांना रक्त कमी निघालं. रक्त कमी, साखर जास्त, आणि ताटात रस्सा-भाकर. दोन्ही दुखणी एकाच ताटातली.

पण एक गोष्ट कानात बांधून घ्या. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू आहे, त्यांनी डॉक्टरला न विचारता भाकर एकदम बंद करायची नाही. साखर एकाएकी खाली येऊन चक्कर येते, जिवावर बेतू शकतं. ज्यांच्या किडनीला त्रास आहे त्यांनी मांस किती खायचं ते पण डॉक्टरलाच विचारायचं. आणि ज्वारी आपली वैरीण नाही. दोनाची एक भाकर करायची आणि तिच्या शेजारी काहीतरी ठोस ठेवायचं, एवढंच.

हे सगळं समजल्यावर आमच्या गटानं ठरवलं, बोलून काय होतंय, करून बघू. 1 किलो खिमा आणला. पहिल्या वेळेला पूर्ण फसलो. गोळे जाळीवर ठेवले आणि अर्धे फुटून निखाऱ्यात पडले. धूर, जळका वास, कुत्री गोळा झाली. एक मावशी म्हणाल्या, "म्या सांगितलं होतं, पीठ पाहिजे." मग आम्ही बाजारातल्या एका कबाबवाल्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, पीठ नाही लागत, हात लागतो. आणि तेच खरं निघालं. ते आता क्रमानं सांगतो.

खिमा घेताना त्यात चरबी धरून घ्या, किलोमागं साधारण 200 ग्रॅम. आपला बोकड अंगानं कोरडा, नुसत्या लाल मांसाचा गोळा चिरतो. खिमा धुऊन आणलेला नको. मांस धुवायचं तर बारीक करायच्या आधी धुवून, निथळून, कोरडं करून मग बारीक करून घ्यायचं. आमची पहिली चूक हीच होती, ओला खिमा.

1 किलो खिम्याला तीन छोटे चमचे मीठ, दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण, आवडीप्रमाणं हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, भाजलेलं जिरं आणि धने, आणि आपला काळा मसाला दोन चमचे. येसर नको, त्यात पीठ आहे. एक कांदा अगदी बारीक चिरून, मीठ लावून, मुठीत पिळून पाणी काढून घाला. कच्च्या पपईचं वाटण घालायचं तर एकच छोटा चमचा. जास्त झालं तर खिमा पिठल्यासारखा होतो.

आता मळणं. कणीक तिंबतो तसा खिमा मिठासकट दहा मिनिटं तळहाताच्या बुडानं रगडायचा. मिठानं आणि रगडण्यानं मांसातली प्रथिनं चिकट होतात आणि तीच गोळा धरून ठेवतात. खिमा हाताला चिकटायला लागला, पसा उलटा केला तरी पडेना, की झालं. पिठाचं काम हातानं केलं. हेच ते कांडणं, शब्दातलं. त्यानंतर अर्धा तास थंड जागी झाकून ठेवा. उन्हाळ्यात त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका, मांस लवकर नासतं.

ओल्या हातानं मोठ्या लिंबाएवढे गोळे करा आणि थोडे दाबून चपटे करा. 1 किलोचे 30 गोळे होतात. सळईवर लावायचे तर चपटी सळई घ्या, गोल सळईवर खिमा फिरतो. जाळी असेल तर ती आधी चांगली तापवा आणि कापलेल्या कांद्याला तेल लावून जाळीवर घासा.

विस्तव कसा? बाभळीचा निखारा चांगला. ज्वाळ पूर्ण बसली पाहिजे आणि निखाऱ्यावर पांढरी राख आली पाहिजे. जाळीच्या वर वितभर हात धरून चार-पाच आकडे मोजता आले की विस्तव बरोबर. गोळा ठेवला की लगेच हलवू नका. खालची बाजू भाजली की तो आपोआप सुटतो. ओढून काढला की फुटतो, ही आमची दुसरी चूक. मग उलटा. दोन्ही बाजू मिळून बारा ते पंधरा मिनिटं. चरबी पडून ज्वाळ उठली तर गोळा बाजूला सरकवा, काळा जळू देऊ नका. एक गोळा फोडून बघा, आत गुलाबी राहता कामा नये. खिम्यात वरचं मांस आत मिसळलेलं असतं, म्हणून तो आतपर्यंत शिजलाच पाहिजे. कच्च्या खिम्याचं ताट भाजलेल्या गोळ्याला वापरू नका.

सोबत कांदा, काकडी, मुळा, लिंबू, कोथिंबीर-मिरचीची चटणी, पातळ ताक. ज्या बाया मटण खात नाहीत त्यांनी मन खट्टू करू नका. जाळीवर पनीर भाजा, अंडी चालत असतील तर उकडलेली अंडी घ्या, वांगं विस्तवावर भाजून शेंगदाण्याचं कूट घाला. मुद्दा गोळ्याचा नाही, ताटात ठोस काय आहे त्याचा आहे.

दुसऱ्या वेळेला एकही गोळा पडला नाही. आम्ही दहा जणी होतो, 30 गोळे. आम्ही ठरवून केलं, आधी मोजले. प्रत्येकीचे तीन. मोजून, तिच्या ताटात, तिच्यासमोर. मगच उरलेलं बोलणं.

आणि इथं एक गोष्ट झाली ती सांगून थांबतो. ज्या काकू पारावर म्हणाल्या होत्या, पीस काय आपल्या वाट्याला येतेत का, त्यांनी दोन गोळे खाल्ले आणि तिसरा पदराला बांधला. नातवाला न्यायला. आम्ही काही बोललो नाही. पण शेजारी बसलेल्या मावशींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "माय, नातवाला पुढच्या बारीला करू. हा तुमचा हाय. खावा." काकूंनी थोडा वेळ गोळा हातात धरला. मग खाल्ला.

त्या बैठकीपासून आमच्या गटात एक ठराव आहे. घरी मटण शिजलं की वाढायच्या आधी घरातल्या बायांचे पीस वाटीत काढून ठेवायचे. भांडण नाही, बोलणं नाही, फक्त वाटी आधी भरायची. काही घरांत जमतंय, काही घरांत अजून नाही. महिन्याच्या बैठकीत हप्त्याची वही झाली की आम्ही एकमेकींना विचारतो, वाटी भरली का?

तुमच्या गटात पण विचारून बघा.